तेल लाव, पण डोकं दाबू देऊ नकोस

अगं, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. सात वर्षांच्या लेकराचं मागून बसलेलं डोकं तेलानं, उशीनं, गोळ्यांनी किंवा कुणाच्या हातगुणानं गोल होत नाही. आर्वीत होत नाही, नागपुरात होत नाही, आणि तू मला रात्री साडेअकराला ज्यांची जाहिरात पाठवलीस त्या बाईंकडेही होत नाही. त्या सहा बैठकांचे पैसे अजून भरले नसशील तर भरू नकोस.

आता तू म्हणशील, ताई, मग मी हातावर हात ठेवून बसू का? मुळीच नाही. करण्यासारखं बरंच आहे. त्याची मान बघायची आहे, डोळे बघायचे आहेत, केस कसे कापायचे ते न्हाव्याला सांगायचं आहे, आणि घरातल्या माणसांच्या तोंडाला जरा आवर घालायचा आहे. यातलं काहीच महाग नाही. म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

डोकं आता का बदलणार नाही, ते आधी ऐकून घे, म्हणजे उद्या कुणी नवं काही सुचवलं तरी तुझं तुलाच ठरवता येईल. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिल्या वाढदिवसाला तोच ४५-४६ होतो. म्हणजे एका वर्षात अकरा-बारा सेंटिमीटर! दुसऱ्या वर्षात वाढतो तो जेमतेम दोन. त्यानंतर मोठा माणूस होईपर्यंतच्या सगळ्या वर्षांत मिळून सात-आठ. कवटीची हाडं सुरुवातीला सुटी असतात, मधल्या सांध्यांत जागा असते, टाळू मऊ असते, आणि आतून मेंदू भराभर वाढत असतो. त्या वाढीच्या जोरावरच आकार घडतो आणि बिघडलेला सुधारतोही. दीड वर्षापर्यंत टाळू भरून येते. सात वर्षांच्या मुलाची हाडं दातेरी कडांनी एकमेकांत पक्की अडकलेली असतात आणि आतून रेटा देणारी वाढ बहुतेक झालेली असते. तिथं अंगठ्यानं दाबून काय हलणार?

जगात डोक्याला मुद्दाम आकार देणारी माणसं होऊन गेली. पेरू देशात पॅराकास नावाच्या ठिकाणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या लांबुळक्या कवट्या सापडल्या आहेत; पट्ट्या बांधून ती डोकी तशी केलेली होती. पण तीही तान्ह्या बाळांचीच. दुसरीतल्या पोराच्या डोक्याला आकार देण्याच्या भानगडीत ते लोकही पडले नाहीत.

तुझ्या सासूबाई म्हणतात, "पयल्या महिन्यात बरोबर तेल-पानी केलं असतं तं असं झालं नसतं." हे तुला किती लागलं आहे ते तुझ्या आवाजावरून कळलं. म्हणून सांगते. तो मे महिन्यात झाला. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते वर्ध्याबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही, पारा पंचेचाळीसच्या पुढे. त्या खोलीत कूलर उजवीकडे, खिडकी उजवीकडे, आणि बाळंतपणात तूही त्याच्या उजवीकडेच झोपायचीस. बाळ उजेडाकडे आणि आईकडे बघतं. दोन-तीन महिने तो त्याच बाजूला बघत पडून राहिला आणि डोकं त्या बाजूनं बसलं. यात हयगय कुठे आहे? उताणं झोपवलंस ते तर उत्तमच केलंस. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि १९९४ पासून तिथं त्याची मोठी मोहीम झाली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याच्याही खाली आली आणि डोकं मागून चपटं झालेली बाळं जास्त दिसू लागली. मला विचारशील तर हा सौदा डोळे मिटून करावा असा आहे.

शिवाय ही गोष्ट दुर्मीळ नाही. न्यूझीलंडमध्ये बाळांच्या एका गटाची जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा मापं घेतली गेली. २००४ साली ते छापून आलं. चार महिन्यांच्या वयात शंभरातल्या जवळजवळ वीस बाळांचं डोकं चपटं होतं, वर्षाला सात उरली, दोन वर्षांना तीन-चार. बाकीच्यांचं वाढीबरोबर आपोआप भरून आलं. तुझा मुलगा त्या उरलेल्या तिघा-चौघांतला, एवढंच. मेंदूला यानं काही होत नाही. मेंदूला जागा हवी असते, ती सपाट कवटीतही तेवढीच मिळते. दुसरीत पाढे म्हणतो, सायकल हाणतो, तुला उलट उत्तरं देतो. मेंदू ठीक आहे!

आता एकेक उपाय घेऊ. सगळे सारखे नाहीत. काही निव्वळ निरुपयोगी, काही खिशाला चाट लावणारे, आणि एक-दोन खरोखर धोक्याचे.

तेलापासून सुरू करते, कारण तुझ्या घरात तेच चालू आहे. खोबरेल लाव, तिळाचं लाव, सासूबाई म्हणतील ते लाव. रविवारी नातवाला पुढ्यात घेऊन त्या तेल लावत असतील तर लावू दे. मुलाला बरं वाटतं, आजीला काम मिळतं, कुणाचं काही जात नाही. अट एकच, पसरट तळहातानं, केसांच्या मुळाशी, हलक्या हातानं. तू म्हणालीस ती मालिशवाली बाई, "माय, म्हयन्याभरात डोकं बसवून देतो" म्हणणारी, जी चपट्या भागाच्या कडांवर अंगठे रोवून दाबते, तिला चहा पाज आणि परत पाठव. पोरगा रडत होता म्हणालीस ना? मग झालं. ज्या उपायानं हाड हलत नाही आणि पोर रडतं, त्यात करण्यासारखं काय आहे?

आयुर्वेदावर तुझा विश्वास आहे, माझाही आहे. पण मग नीट शिकलेल्या वैद्याकडे जा. लहान मुलांच्या आरोग्याची, कौमारभृत्य नावाची, आयुर्वेदात स्वतंत्र शाखाच आहे, आणि सालोडला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे. तिथं विचार. शिकलेला वैद्य तुला भूक, झोप, पोट, वजन याबद्दल चार प्रश्न विचारेल. सात वर्षांच्या मुलाचं डोकं गोल करून देतो असं म्हणणार नाही.

होमिओपॅथीच्या त्या गोड गोळ्या, टाळू उशिरा भरणाऱ्या बाळांना देतात त्याच नावाच्या, तुला कुणीतरी आणून दिल्या आहेत. हाडाचा झालेला आकार गोळीनं बदलत नाही. डबी ठेवून दे. तीच गोष्ट कॅल्शियमच्या सिरपची. आणि साठ हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कदापि देऊ नकोस. कमतरता असेल तर ती औषध आहे. नसताना आठवड्यामागून आठवडे दिली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला त्रास होतो. मेडिकलवाला चिठ्ठी न विचारता देतो म्हणून ती खाऊ ठरत नाही.

मोबाईलवर दिसणारे ते हेल्मेट. हे तान्ह्या बाळांचं यंत्र आहे. चार-पाच महिन्यांच्या वयात सुरू करतात, दिवसाचे तेवीस तास घालायचं असतं. ते डोकं दाबत नाही. फुगलेल्या बाजूला अडवतं आणि चपट्या बाजूला वाढायला जागा ठेवतं. म्हणजे वाढच नसेल तर हेल्मेट काय करणार? दीड वर्षाच्या पुढे त्याचा उपयोग धरत नाहीत. आणि बाळांनाही ते सरसकट लागतं असं नाही. हॉलंडमध्ये ८४ बाळांवर चाचणी झाली, निम्म्यांना हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही; दोन वर्षांच्या वयात दोन्हीकडची डोकी सारखीच सुधारलेली निघाली. २०१४ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. त्या बाळांत अगदी गंभीर प्रकारची नव्हती हे खरं, पण सात वर्षांच्या मुलासाठी 'खास मोठ्या साइजमध्ये' हेल्मेट विकणाऱ्याला हा सगळा हिशोब ठाऊक असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या जाहिरातीतल्या बाई जे करतात त्याला क्रेनिओसेक्रल थेरपी म्हणतात. डोक्याच्या हाडांना बोटांनी अगदी हलका स्पर्श करायचा, आतल्या पाण्याची लय ओळखायची आणि ती सुरळीत करायची, असं त्यांचं सांगणं. अमेरिकेत गेल्या शतकात ऑस्टिओपॅथीतून हा प्रकार निघाला. स्पर्शानं शांत वाटतं, मुलं झोपूनही जातात, त्यात मला नवल वाटत नाही. पण त्या लयीचा पुरावा नाही आणि मोठ्या मुलाच्या कवटीचा आकार त्यानं बदलतो याचा तर नाहीच. त्यांच्या 'आधी आणि नंतर'च्या फोटोंकडे नीट बघ. आधीच्या फोटोत केस भादरलेले किंवा ओले, वरून उजेड. नंतरच्यात केस दोन बोटं वाढलेले आणि मान किंचित वळलेली. तू फक्त एवढं विचार, बाई, टेपनं मोजलेली आधीची आणि नंतरची मापं दाखवा, त्याच कोनातून, तितक्याच केसांत. बघ काय उत्तर येतं ते.

आता धोक्याचं. मानेला झटका कुणालाही देऊ द्यायचा नाही. हाडवैद्य असो, मणके बसवणारा कायरोप्रॅक्टर असो, की आपला बाजारातला सलूनवाला. हो, सलूनवाला! केस कापून झाले की चंपी करतात, मग हनुवटी धरून कटकन मान मोडतात, आणि सोबत आलेले बाबा कौतुकानं बघत बसतात. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या काही वाहिन्या मणक्यांच्या भोकांतूनच वर जातात. झटक्यानं त्यांना इजा होणं क्वचितच घडतं, पण घडलं तर पक्षाघातापर्यंत जातं. तुझ्या नवऱ्याला हे आजच सांग, कारण मुलाला सलूनमध्ये तोच नेतो.

निसर्गोपचाराचं तू हळूच विचारलंस, मी हसेन म्हणून. हसत नाही गं. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे तिथं मातीच्या पट्टीला कोण हसेल? गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले ते पोटावर आणि डोक्यावर मातीची पट्टी ठेवायचं वेड घेऊनच. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहायला बसले त्यातही माती, पाणी, उपवास आहेतच. पण त्याच गांधीजींना १९२४ च्या जानेवारीत अपेंडिक्स झालं तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली आणि त्यांनी ती करून घेतली. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय १९४५ मध्ये उभं केलं ते सुशीला नय्यर यांनी, एमबीबीएस, एमडी शिकलेल्या डॉक्टरांनी. दुपारी उन्हातून आलेल्या पोराचं डोकं ठणकत असेल तर ठेव ओल्या मातीची पट्टी, मीही ठेवते. डोक्याचा आकार मात्र मातीच्या हातातला नाही.

शस्त्रक्रिया? मोठ्या माणसांत हाडाचं सिमेंट भरून मागची बाजू उंच करणारे प्लास्टिक सर्जन आहेत. वाढत्या वयाच्या, धडधाकट मुलाला केवळ दिसण्यासाठी भूल देऊन डोक्याची कातडी कापणं मला पटत नाही, आणि शहाणा सर्जन स्वतःच थांबा म्हणेल. अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला वाटलं तर त्याचं तो बघेल.

उपायांचं झालं. आता जे खरंच बघायचं आहे त्याकडे ये, आणि हे घाईनं वाचू नकोस.

उद्या आंघोळीनंतर केस ओले असताना त्याला पाटावर बसव, तू मागे उभी राहा आणि बरोबर वरून बघ. फोनवर फोटो काढ. कानांच्या मागे दोन्ही बाजूंना तर्जनी ठेव. चपट्या बाजूचा कान दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला दिसेल, त्याच बाजूचं कपाळही जरा पुढे आलेलं असेल. वरून बघताना सगळं डोकं एका बाजूला सरकवल्यासारखं दिसतं. असं असेल तर हे पडून राहिल्यानं झालेलंच आहे, पुढे काही शोधायला नको. पण चपट्या बाजूचा कान उलट मागे आणि खाली गेलेला असेल, किंवा कवटीवरून बोट फिरवताना कडक उंचवटा बांधासारखा लागत असेल, तर कवटीचा एखादा सांधा वेळेआधीच जुळला असण्याची शंका घ्यावी लागते. हे क्वचित असतं, साधारण दोन-अडीच हजार बाळांत एखादं, आणि बहुतेकदा पहिल्या वर्षातच लक्षात येतं. तरी शंका आली तर मालिशवालीकडे नाही, बालरोगतज्ज्ञाकडे. तसंच सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखून उलट्या, नजर अंधूक होणं, झटके, किंवा अभ्यासात अचानक मागे पडणं यांतलं काहीही असेल तर थांबायचं नाही. तू यातलं काही बोलली नाहीस, म्हणून मी निर्धास्त आहे.

मग मान. त्याला खांदे न हलवता आधी डावीकडच्या कॅलेंडरकडे आणि मग उजवीकडच्या दाराकडे बघायला सांग. हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत सारखी पोहोचते का? मला शंका आहे, आणि का ते सांगते. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यातला तो फोटो आहे ना, धोतर-फेटा घालून लाकडी नंदी ओढतोय तो, त्यात मान डाव्या खांद्याकडे कललेली आहे. मी व्हॉट्सअ‍ॅपवरचे आणखी फोटो मागे जाऊन बघितले. वाढदिवसाला तीच, शाळेच्या ओळखपत्रावर तीच. सगळ्यांना वाटतं लाडानं मान वाकडी करतो. पण बाळपणी मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला असेल तर बाळ एकाच बाजूला तोंड करून झोपतं, डोकं तिकडून बसतं, आणि तो स्नायू सैल केला नाही तर मान तशीच राहते. डोक्याच्या आकाराची वेळ गेली, पण मानेवर आजही काम होतं. सावंगीला रवी नायर फिजिओथेरपी कॉलेज आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात दाखवता येतं. ताण देण्याचे व्यायाम शिकवतील, ते तू घरी रोज करून घ्यायचे. फारच आखडला असेल तर छोटी शस्त्रक्रिया करून स्नायू सैल करतात, मोठ्या मुलांतही करतात. सगळ्या उपायांत हा एक उपाय असा आहे की ज्यासाठी आर्वीहून एसटीचं तिकीट काढावं.

आणि एक गंमत करून बघ. मान कललेली असताना त्याचा एक डोळा हातानं झाक, मग दुसरा. एखादा डोळा झाकल्यावर मान आपोआप सरळ होत असेल, तर दोष मानेत नसून डोळ्याच्या स्नायूत आहे. एक वस्तू दोन दिसू नये म्हणून अशी मुलं नकळत मान कलवून बघतात. मग आधी डोळ्यांचे डॉक्टर. व्यायामानं तिथं काही होणार नाही.

सगळीकडे खाजगीतच जायला हवं असंही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची गाडी शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. ते येतात, पोरांच्या जिभा आणि दात बघतात, आणि आपण त्या दिवशी लेकराला नेमकं घरी ठेवतो, "इंजेक्शन देतील" म्हणून. यंदा त्या दिवशी त्याला पाठव आणि वर्गशिक्षिकेकडे चिठ्ठी दे की मान कलते, जरा बघा. पुढे पाठवायचं झालं तर ते मोफत पाठवतात. रक्त तपासणार असतील तर हिमोग्लोबिन आणि सिकलसेलही करून घे. डोक्याच्या चपटेपणाशी त्याचा संबंध नाही, पण विदर्भातल्या प्रत्येक लेकराचं ते एकदा झालेलं असावं असं मला वाटतं.

आता केस. यात मी तरबेज आहे, ऐक. आपल्याकडे उन्हाळा लागला की पोरांना मशीन फिरवून आणतात. चपट्या डोक्याला याहून वाईट काही नाही. न्हाव्याला सांगायचं, बाजूचे केस बारीक, पण मागचे वरच्या भागात दोन बोटं ठेव, मानेकडे हळूहळू कमी करत ये. मधे भोवऱ्याजवळ उंची राहिली की मागचा सपाटपणा निम्मा दिसेनासा होतो. मुंजीत किंवा नवसाला डोकं करायचं निघालं तर बारीक कापून भागतं का ते गुरुजींना आधीच विचारून ठेव. बहुतेक जण हो म्हणतात. तुझ्या शेजारणीच्या मुलीचंही असंच आहे म्हणालीस, तिला दोन घट्ट वेण्या घालू नका म्हणावं, मधोमध भांग पडला की मागचं सगळं उघडं पडतं. वर सैल बांधलेली एक वेणी छान दिसते.

सायकलचं हेल्मेट दुकानात घालून बघूनच घे, ऑनलाइन मागवू नकोस. मागून सपाट डोक्यावर ते पुढे सरकतं आणि मग पोरं काढून हँडलला अडकवतात. मागे चक्री फिरवून घट्ट करता येतं तसलं घे. चष्मा लागलाच तर चष्मेवाल्याला सांग की एक कान पुढे आहे, तो काडी वाकवून बसवून देतो. नाहीतर चष्मा कायम तिरका राहतो आणि सगळे पोराला म्हणतात नीट घाल.

राहिलं घरचं बोलणं. शाळेत त्याला 'चपट्या' म्हणतात हे तू सांगितलंस. पण ते शाळेत सुरू झालं असं मला वाटत नाही. पाहुणे आले की सासूबाई त्याला जवळ ओढून, मागून केस बाजूला करून दाखवतात, "पाहा ना, कायले असं बसलं असन व!" तो तिथंच उभा असतो. मालिशवाली येते, जाहिरात बघता तेव्हा तो तुझ्या मांडीवर असतो, गोळ्या 'डोक्याच्या' म्हणून देता. सात वर्षांच्या पोराला एवढं पुरेसं आहे. सासूबाईंना तू बोलू नकोस, भांडण होईल. नवऱ्याला बोलू दे, आणि तेही 'तुम्ही चुकता' असं नाही. "आई, डॉक्टर म्हणाले त्याच्यासमोर डोक्याचा विषय काढायचा नाही," एवढंच. डॉक्टरांच्या नावावर आपल्याकडे बरंच खपतं.

त्याला मात्र खरं सांग. "लहान असताना तू एका बाजूला झोपायचास, म्हणून तुझं डोकं मागून सपाट झालं. त्यानं काही दुखत नाही आणि काही बिघडत नाही." 'सगळं गोल आहे, काही नाही झालं' असं सांगू नकोस, त्याला आरशात आणि हातानं कळतं. वर्गात कुणी चिडवलं तर "हो, आहे सपाट. मग?" म्हणून पुढे जायचं, हे त्याच्याकडून दोन-चारदा घरी म्हणवून घे. तू चिडवणारा पोरगा हो, मजा येईल त्याला. तरी थांबलं नाही तर बाईंना भेट, पण त्याच्यादेखत नाही.

तुझ्या जावेला सातवा लागलाय ना? ही सगळी धडपड तिच्या बाळासाठी कामी येईल, कारण वेळ तिच्याकडे आहे. सासूबाई मोहरीची उशी शिवायला घेतील. घेऊ देत, पण बाळाच्या डोक्याखाली झोपेत ती नको; तोंड-नाक दबण्याची भीती असते. डोक्याला आकार देणाऱ्या असल्या उश्या वापरू नका असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये बजावलं आहे. बाळाला झोपवायचं उताणंच, पण एके दिवशी डोकं पलंगाच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला, म्हणजे उजेडाकडे बघायला मान दोन्हीकडे वळते. दूध पाजताना कूस बदलायची. आणि जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना, पालथं घालायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिवसभरात मिळून निदान अर्धा तास सांगितला आहे. आंघोळीआधी आजीच्या पायांवर पालथं घालून पाठीला तेल लावतात ना, तो वेळही त्यातच धर. बाळ एकाच बाजूला बघत राहतंय असं वाटलं तर पहिल्या दीड महिन्यात आशाताई घरी येतात त्यांना लगेच दाखवायचं. ही घरी येऊन बाळ बघायची रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी रुजवली; अभय बंग मूळचे आपल्या वर्ध्याचेच. तिसऱ्या महिन्यात आखडलेली मान थोड्या व्यायामानं सुटते.

मानेची आणि डोळा झाकून बघायची परीक्षा या रविवारी कर आणि मला कळव. मान वळत नसेल तर सकाळच्या गाडीनं त्याला घेऊन ये, मी सेवाग्रामला सोबत येते. जुने फोटो फोनमध्ये ठेव, अगदी बाळपणापासूनचे. डॉक्टरांना मान कधीपासून कलते ते त्यावरूनच कळेल. आणि येताना आवळ्याचं लोणचं आण, मागचं संपलं.